पायमोजणी

प्राण्यांवरची पुस्तकं काढणाऱ्या त्या लहानशा प्रकाशनात एक रीत होती. चित्रं तयार झाली की ती छापखान्यात जाण्याआधी प्रत्येक प्राण्याचे पाय मोजायचे. पाय, बोटं, पंख, मिशा, जे जे मोजता येईल ते सगळं. बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू यायचं. पण ज्याने एकदा ती मोजणी पाहिली तो पुन्हा हसायचा नाही, कारण टेबलाच्या टोकाला ताई बसलेल्या असत आणि ताईंसमोर हसण्याची सोय नव्हती.

रीत पडली ती एका बेडकामुळे. अगदी पहिलं पुस्तक, मुखपृष्ठावर ऐटीत बसलेला बेडूक आणि त्याच्या पुढच्या पायाला पाच बोटं. बेडकाच्या पुढच्या पायाला चारच असतात, पाच असतात ती मागच्याला. पुस्तकं बांधून आली, गठ्ठे सोडले, पहिली प्रत ताईंनी हातात घेतली आणि त्यांचा चेहराच बदलला. चित्रकाराने स्वतःचा पंजा समोर धरून बोटं काढली होती. ताईंनी एकही प्रत दाराबाहेर जाऊ दिली नाही. सगळी मुखपृष्ठं फाडून नवी चिकटवली आणि ती चिकटवताना चित्रकाराशी अवाक्षर बोलल्या नाहीत. चित्रकार म्हणजे त्यांचाच सख्खा धाकटा भाऊ, त्यामुळे अबोला घरीही पुरला.

तेव्हापासून पायमोजणी. तिचे नियम ताईंनी घातले होते आणि त्यात मुभा नव्हती. चित्र उभं करायचं टेबलावरच्या लाकडी घोडीवर. चित्रकाराने बसायचं खिडकीपाशी, रस्त्याकडे तोंड करून, आणि मोजणी संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी एकेकाने विणायच्या सुईने दाखवत मोठ्याने मोजायचं, बोट लावलं तर रंगाला डाग पडतो म्हणून सुई. आणि मोजणी चालू असताना कुणीही 'वा', 'छान', 'सुंदर' म्हणायचं नाही. फक्त आकडे. शेवटी ताईंनी म्हणायचं, पास किंवा नापास.

ताई लिहीत आणि बाळ चित्रं काढी. बाळ म्हणजे तोच तो धाकटा भाऊ. साठीला टेकला होता, डोक्यावर मोजून काढता येतील इतके केस उरले होते, तरी ताईंच्या तोंडी बाळच. कुतूहल असलेल्या कुणालाही कळतील अशी, पण ज्यात एक शब्दही हवेतला नसेल अशी पुस्तकं काढायची, हा ताईंचा हट्ट. कुणी म्हणालं, "आज फार उकडतंय," तरी त्या भिंतीवरच्या तापमापकाकडे बघून मग मान हलवत. 'पुरावा?' हा त्यांचा लाडका प्रश्न होता. लग्नाच्या बाबतीतही त्यांनी तो विचारला असावा, त्यामुळे ते राहूनच गेलं, असं बाळ सगळ्यांना सांगत फिरे.

बहीणभावाची भांडणं खालच्या सायकलदुरुस्तीवाल्याला पाठ होती. जिराफाच्या जिभेचा रंग जांभळट काळा की निळसर काळा, यावरून एकदा पूर्ण दिवस गेला होता. चित्र नापास झालं की बाळ पाय आपटत जिना उतरे, सायकलवाल्याच्या बाकड्यावर बसून ताईंच्या नावाने खडे फोडी, आणि मग केव्हातरी नवं चित्र घेऊन वर येई. नवं चित्र नेहमी आधीच्यापेक्षा बरं असे. हे ताईंना माहीत होतं, बाळला माहीत होतं, आणि दोघांपैकी कुणीही ते कबूल करत नसे.

मग बाळचा उजवा हात थरथरू लागला.

सुरुवातीला तो म्हणाला, थंडीने. थंडी सरली, थरथर राहिली. डॉक्टरांनी हात पुढे करायला लावला, भिंतीपर्यंत चालून यायला लावलं, कागदावर गोल गोल रेघ काढायला सांगितली, आणि नाव सांगितलं, कंपवात. गोळ्या दिल्या. गोळीचा अंमल असेपर्यंत हात ऐकायचा, मग ऐकेनासा व्हायचा. ज्या हाताने माशीच्या पायावरचे केस सुटे सुटे काढले होते, त्या हाताला आता सदऱ्याचं बटण लावताना वेळ लागू लागला.

एका दुपारी बाळची बायको एकटीच ताईंकडे आली. ती सहसा प्रकाशनात येत नसे. दाराशीच उभी राहून म्हणाली, "वन्सं, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बस आधी. आणि बोल."

"त्यांची चित्रं जरा सांभाळून घ्या हो. दिवसभर त्या टेबलाशी बसतात. रेघ मारतात, खोडतात, पुन्हा मारतात. मी चहा घेऊन गेले की हात टेबलाखाली घालतात. माझ्यापासून लपवतात, वन्सं! एवढी वर्षं संसार केला आणि आता हात लपवतात." तिने पदराने डोळे टिपले. "तुम्ही नापास म्हणालात ना, तर ते पुन्हा कागदाला हात लावणार नाहीत. मला माहीत आहे. तेवढं एक राहिलंय त्यांच्याकडे. कुठल्या जनावराला बोटं किती, ते तुमचं तुम्ही बघून घ्या. मला माझा माणूस हवाय."

ताई बराच वेळ टेबलावरच्या कागदांचे कोपरे सारखे करत बसल्या. "बघते," एवढंच म्हणाल्या. ताईंच्या तोंडून 'बघते' हा शब्द आजवर कुणी ऐकला नव्हता.

त्या वर्षी पुस्तक होतं रात्री जागणाऱ्या प्राण्यांचं. पहिलं चित्र आलं वटवाघळाचं. वटवाघळाचा पंख म्हणजे खरं तर हात. चार लांब बोटांवर ताणलेलं कातडं आणि वर मोकळा राहिलेला छोटासा अंगठा. हे ताईंनी फार सोपं करून लिहिलं होतं. चित्रात ती बोटं मात्र वाकड्या तारेसारखी झाली होती, आणि अंगठा मनगट सोडून खाली घसरला होता. घोडीवर चित्र उभं राहिलं. बाळ खिडकीशी पाठमोरा बसला. उजवा हात त्याने डाव्या हाताने धरून ठेवला होता.

मोजायला टेबलाशी तिघं. एक ताई. दुसरे मुद्रितं तपासणारे मास्तर, ज्यांनी आयुष्यभर शाळेत मुलांच्या चुका काढल्या आणि निवृत्तीनंतर तो नाद सुटेना म्हणून इथे आले. आणि तिसरी पानांची मांडणी करणारी चिमणी. अंगकाठी एवढीशी आणि तोंड दिवसभर चालू, म्हणून चिमणी. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही ती फोटोग्राफरशी बोलताना दिसते.

मास्तरांनी सुई उचलली. "बोटं चार. अंगठा..." ते थांबले, चष्मा वर केला, खाली केला. "अंगठा एक."

"बोटं चार, अंगठा एक," चिमणी घाईघाईने म्हणाली.

ताईंनी बाळच्या पाठीकडे पाहिलं. मानेवरची कॉलर मागच्या बाजूने विटली होती. "पास," त्या म्हणाल्या.

चिमणीने मग ते चित्र संगणकावर घेतलं आणि एकेक रेघ गुपचूप सरळ केली, अंगठा उचलून मनगटाशी नेऊन बसवला. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. मास्तरांनाही कुणी सांगितलं नव्हतं. तिघांनी आपापसांत या विषयावर एक शब्द काढला नाही, सगळेच मूग गिळून बसले, आणि काम कसं अगदी सुरळीत चाललं. घुबड आलं, ते पास झालं. विंचू आला, पास. पतंग, कोळी, साळिंदर, खवले मांजर, पास, पास, पास, पास. चिमणी रेघा सरळ करत राहिली.

ताईंनी मनाची समजूत घातली होती. पुस्तकात शेवटी बरोबर तेच छापलं जाणार आहे. वाचकाची फसवणूक होत नाही. फसवतोय ते एकाच माणसाला, आणि तेही त्याच्या भल्यासाठी. 'त्याच्या भल्यासाठी' असं दुसरं कुणी म्हणालं असतं, तर ताईंनी तिथल्या तिथे पुरावा मागितला असता. स्वतःला मागितला नाही. माया माणसाला किती आळशी करते ते बघा.

बाळ मात्र आता पास झाल्यावर काही बोलत नसे. आधी पास झालं की खुर्ची गर्रकन फिरवून, "झाली का खात्री, पुरावेवाल्या बाई?" असं विचारायचा. आता तो उठे, "बरं," म्हणे, आणि जिन्याचा कठडा धरत उतरे. ताईंना वाटे, दमत असेल.

शेवटचं चित्र शेणकिड्याचं. ताईंचं या पुस्तकातलं सगळ्यात आवडतं पान तेच होतं. एवढासा किडा शेणाचा गोळा करतो, डोकं खाली करून मागच्या पायांनी तो ढकलत निघतो, आणि काळोखात वाट वाकडी होऊ नये म्हणून आकाशगंगेच्या पट्ट्याचा आधार घेतो. शेणात तोंड आणि आभाळात लक्ष, असं त्यांनी लिहिलं होतं आणि लिहून झाल्यावर स्वतःवरच खूश होऊन चहा मागवला होता.

चित्र घोडीवर आलं. शेणकिडा वरून पाहिलेला, मोठा, पानभर. गोळा बाजूला ठेवून नुसता किडाच काढला होता, सगळे पाय पसरून, एखादा नकाशा काढावा तसा. रेघ थरथरलेली होती, पण स्वच्छ होती. डावीकडे तीन पाय. उजवीकडे दोन.

ताईंनी पुन्हा पाहिलं. दोनच. उजवीकडे मधल्या पायाची जागा कोरी होती.

खाली सायकलवाला कुठल्यातरी चाकात हवा भरत होता, तेवढाच आवाज. मास्तरांनी सुई उचलली. डावे तीन मोजले. उजवीकडे आले. एक, मग सुई त्या कोऱ्या जागेवरून हलकेच फिरवली, मग दुसरा. "सहा," ते म्हणाले. शाळेत असताना त्यांनी एका मुलाला याच गणितावरून वर्गाबाहेर उभं केलं असतं.

सुई चिमणीकडे गेली. तिने मोजायचं नाटकही धड केलं नाही. "सहा!" ती म्हणाली. मनात तिने तो पाय जोडूनसुद्धा टाकला होता. डावा मधला उचलायचा, उलटा करायचा, उजवीकडे लावायचा, हाय काय आणि नाय काय.

सुई ताईंच्या हातात आली. त्यांनी डावे पाय मोजले. सुई उजवीकडे नेली. त्यांच्या डोळ्यांसमोर भावजय आली, टेबलाखाली लपवलेला हात आला. मोजणीत आजवर त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या. आत्तापर्यंतच्या चित्रांत निदान आकडे तरी खरे होते, रेघाच तेवढ्या वाकड्या होत्या.

"सहा," ताई म्हणाल्या. "पास."

बाळने खुर्ची फिरवली. सावकाश फिरवली, पण फिरवली.

"सहावा दाखव," तो म्हणाला.

तिघंही चित्राकडे बघू लागली.

"चिमणे, तू दाखव. तुझे डोळे तरुण आहेत. सहावा पाय कुठे आहे?"

"बाळकाका, ते... मी..." चिमणीला आयुष्यात पहिल्यांदा शब्द सापडेना.

"मास्तर?"

मास्तर चष्मा पुसू लागले. "बाळराव, अहो, नजरचुकीने..."

"तिघांचीही नजर एकदम चुकली?" बाळ उठला. घोडीपाशी आला आणि त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं, सरळ बोट, डागाची पर्वा न करता. "हा मी काढलाच नाही. मुद्दाम काढला नाही. मुद्दाम वरून काढला किडा, म्हणजे कुणाला म्हणायला नको की पाय मागे लपला असेल."

"बाळ, ऐक..." ताई म्हणाल्या.

"मागच्या आठवड्यात वटवाघळाचं पान बघितलं मी चिमणीच्या टेबलावर. माझं वटवाघूळ, आणि त्यात एकही रेघ माझी नाही. माझी रेघ मला कळत नाही असं वाटलं तुम्हाला?" त्याचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं, चिमणीने मायेपोटी केलं असेल, पोरच आहे. ताई अशी करणार नाही. सगळं जग खोटं मोजेल, पण ताई पाच म्हणेल. म्हणून हा किडा काढला."

ताईंच्या हातातली सुई टेबलावर पडली.

"तू सहा म्हणालीस तेव्हा मला कळलं," बाळ म्हणाला, "की या टेबलाशी मी आता चित्रकार नाही. पेशंट आहे. पेशंटला सगळे पासच करतात."

तो जिना उतरला. पाय आपटले नाहीत. सायकलवाल्याच्या बाकड्यावर बसला नाही. ताईंनी खिडकीतून पाहिलं, तो रस्त्याच्या कडेकडेने, छोटी छोटी पावलं टाकत गेला.

मागे चिमणी टेबलावर डोकं ठेवून हमसून रडत होती आणि मास्तर तिला "शुद्धलेखनाच्या चुका माणसाकडून होतातच" असं काहीतरी अगदीच असंबद्ध बोलून समजावत होते. ताई रडल्या नाहीत. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटत होती की रडण्याचाही हक्क उरला नाही असं वाटलं. त्यांनी चिमणीला एवढंच विचारलं, "बाळची मूळ चित्रं जपून ठेवली आहेस ना? जशीच्या तशी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई चित्रांची मोठी पिशवी काखोटीला मारून बाळच्या घरी गेल्या. दार भावजयीने उघडलं. तिचे डोळे सुजले होते. "वन्सं, ते कालपासून बोलत नाहीत," ती कुजबुजली. "आता काही बोलू नका. नुसत्या बसा त्यांच्यापाशी."

"नुसतं बसायला नाही आले," ताई म्हणाल्या.

बाळ आतल्या खोलीत टेबलाशी होता. सगळे ब्रश धुऊन, वाळवून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होता. कागदाची घडी त्याला नीट घालता येत नव्हती. ताईंनी मदत केली नाही. त्यांनी टेबलावरचे ब्रश बाजूला सारले आणि पिशवी तिथे ठेवली.

"तोंड खिडकीकडे कर," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"मोजणी राहिली आहे."

"काल झाली की. सहा."

"काल मी खोटं बोलले, पाय पाचच होते. गेले कित्येक महिने बोलतेय. आज खरं मोजायला आले आहे." ताई पिशवीची गाठ सोडू लागल्या. "मला भीती वाटली रे. वाटलं, नापास म्हटलं तर तू हातातला ब्रश ठेवशील. मग तू माझा बाळ राहणार नाहीस असं वाटलं. चुकलंच माझं. आता फिर तिकडे."

बाळ ताईंकडे बघत राहिला. मग त्याने खुर्ची खिडकीकडे वळवली.

ताईंनी पहिलं चित्र भिंतीला टेकवून उभं केलं. सुई प्रकाशनातच राहिली होती, म्हणून बाळच्याच एका ब्रशचं उलटं टोक घेतलं. "वटवाघूळ. बोटं चार, पण तिसरं बोट मध्येच मोडल्यासारखं दिसतंय. अंगठा मनगटापाशी हवा, तुझा कोपराच्या दिशेने घसरलाय. असं वटवाघूळ उडालं तर पहिल्याच झाडावर आपटेल. नापास."

दारातून भावजयीचा हुंदका ऐकू आला. "वन्सं, अहो!"

"तू मध्ये बोलू नकोस," ताई म्हणाल्या. "मोजणी चालू आहे. घुबड. बोटं बरोबर. पण हे तिरकं बघतंय. घुबडाला डोळे फिरवता येत नाहीत, मान वळवावी लागते. तुझं घुबड शेजारणीच्या घरात डोकावतंय. नापास."

बाळच्या खांद्यांची किंचित हालचाल झाली. हसला की काय, पाठमोऱ्या माणसाचं कळत नाही.

विंचवाच्या नांगीची रेघ दोनदा मारल्याने नांगी पुसट दुहेरी दिसत होती, नापास. पतंगाच्या मिशा तुटक, नापास. कोळ्याचे आठही पाय होते, पण त्यातले दोन कुठून निघाले ते सांगता येत नव्हतं, नापास. ताई काही वगळत नव्हत्या, काही गोड करत नव्हत्या. 'नापास' म्हणत त्या पुढचं चित्र लावत होत्या. मध्येच बाळ नियम मोडून बोलला, "पतंगाच्या मिशा काही पतंगांत तुटक दिसतात."

"पुरावा?"

बाळ पुन्हा खिडकीबाहेर बघू लागला.

"साळिंदर," ताई म्हणाल्या. जरा वेळ बघितलं. काट्यांची रेघ थरथरली होती, पण काट्यांना ते शोभत होतं. पाय मोजले, बोटं मोजली. "पास."

"नापास," बाळ म्हणाला.

"काय?"

बाळने खुर्ची फिरवली होती. "शेपटीतले पोकळ काटे कुठे आहेत? संकटात ते खुळखुळवतं, म्हणून तू अख्खं पान लिहिलंयस. मी काढलेच नाहीत. आणि हे मुद्दाम नाही, विसरलो. आत्ता इथून दिसलं."

ताईंनी पाहिलं. शेपटीला साधेच काटे होते. स्वतः लिहिलेलं पान त्यांच्या तोंडपाठ होतं आणि तरी त्यांना दिसलं नव्हतं. "नापास," त्या म्हणाल्या, आणि एकाएकी त्यांना हसूच फुटलं. बाळही हसला. दारातली भावजय दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. सगळी चित्रं नापास होत आहेत आणि ही दोघं हसत आहेत, तिला कशाचा कशाला मेळ लागेना.

पिशवीत एकच चित्र राहिलं होतं, खवले मांजराचं. संकटात सापडल्यावर ते अंगाचं वेटोळं करून बसतं तसं, सगळे पाय आत. ताईंनी ते भिंतीला लावलं आणि या वेळी फार वेळ घेतला.

"पास," त्या म्हणाल्या.

"हं. ज्याचे पायच दिसत नाहीत ते पास," बाळ कडवट म्हणाला. "मोजायलाच काही नाही."

"खवले मोजले मी. एकाखाली एक बरोबर सरकलेत. पण म्हणून पास नाही." ताई ब्रशचं टोक चित्राजवळ नेऊन थांबल्या. "मागे एका पुस्तकात तू खवले मांजर काढलं होतंस, आठवतं? तेव्हा तुझा हात भक्कम होता. ते नुसतं गोल होतं. चेंडू म्हणून ठेवलं असतं तरी चाललं असतं. हे घाबरलंय. आत कुणीतरी श्वास रोखून बसलंय हे कळतं. हे तू त्या वेळी काढू शकला नसतास."

बाळ जरा पुढे झुकला. तो चित्राकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "खरं सांगतेस?"

"आधीची सगळी नापास केली ती कशासाठी?"

बाळने मान खाली घातली. उजवा हात मांडीवर थरथरत होता. त्याने तो लपवला नाही. भावजयीने ते पाहिलं, आणि ती दाराची चौकट सोडून आत येऊन त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली.

"बाकीची कोण काढणार?" त्याने विचारलं.

हा प्रश्न येणार हे ताईंना माहीत होतं. "जी तुला जमतील ती तू. जी नाही जमणार ती दुसरं कुणीतरी. तुझ्या एकट्याच्या चित्रांचं पुस्तक आता होणार नाही, बाळ."

बाळची नजर वर्तमानपत्रातल्या ब्रशांकडे गेली. ताईंना वाटलं, आता तो ब्रश पुन्हा गुंडाळायला घेईल. त्या थांबल्या. त्याने काय करायचं ते त्यालाच ठरवू द्यायचं, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

बाळने हात पुढे करून वटवाघळाचं चित्र ओढून घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. तिसऱ्या बोटावर अंगठा ठेवून रेघ झाकली, पुन्हा उघडली. त्याचा चेहरा हळूहळू तांबडा होत गेला.

"रागावलास?" ताईंनी विचारलं.

"रागावणार नाही तर काय? झाडावर आपटेल म्हणे! दुसऱ्या कुणाला देऊ नकोस हे, मीच काढणार. मोठं काढतो, मोठी रेघ मला मारता येते अजून." त्याने चित्र टेबलावर आपटलं. मग ताईंच्या चेहऱ्याकडे बघून जरा थांबला. "कालचा राग वेगळा होता, ताई. तो पुन्हा येऊ देऊ नकोस. हा काय, आपला नेहमीचा."